‘वरकस’ जमीन आणि डोंगरी धान्ये : सातारा-सांगलीच्या अन्नव्यवस्थेचा शब्दांतून शोध

१. विषयप्रवेश

कोणत्याही प्रदेशाच्या अन्नाचा इतिहास दोन ठिकाणी नोंदलेला असतो : दप्तरात आणि भाषेत. दप्तरातील नोंद सारा घेणाऱ्याच्या हाताने होते. भाषेतील नोंद धान्य पेरणाऱ्या, कांडणाऱ्या व रांधणाऱ्या माणसांच्या तोंडी होते. या दोन नोंदी जेथे परस्परांशी जुळत नाहीत, तेथे अभ्यासकाने थांबणे आवश्यक ठरते. कारण अशा विसंगतीमागे बहुधा कोणाच्या तरी ताटातील घास कमी झालेला असतो. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील भरड धान्यांच्या शब्दसंग्रहात अशी विसंगती ठळकपणे दिसते. तिचा उलगडा करणे व तीवरून या भागातील डोंगरी आणि भटक्या समाजांच्या अन्नसुरक्षेविषयी काय निष्पन्न होते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. भूगोलाच्या दृष्टीने मात्र या प्रदेशाची खरी विभागणी उत्तर-दक्षिण अशी नसून पूर्व-पश्चिम अशी आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील माण तालुक्यात, तसेच त्याच पट्ट्यातील आटपाडी व जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. पश्चिमेकडील जावळी, महाबळेश्वर, पाटण व शिराळा या डोंगराळ भागाचे पारंपरिक अन्न नाचणी, वरी व सावा. पूर्वेकडील माणदेशाचे अन्न ज्वारी व बाजरी. एकीकडे अतिवृष्टी व उतार, दुसरीकडे अवर्षण व माळ. परंतु दोन्हीकडे गहू वा भात सर्वांना पुरेसा पिकत नाही, ही गोष्ट समान आहे.

२. धान्यांची नावे

भरड धान्ये म्हणजे एकाच जातीचा, एकाच काळी आलेला धान्यसमूह, असा समज सर्वसामान्यतः आढळतो. नावांची परीक्षा केली असता तो टिकत नाही. वाजसनेयी संहितेतील धान्यांच्या यादीत प्रियंगु, अणु, श्यामाक व नीवार ही बारीक धान्ये येतात. ज्वारी, बाजरी व नाचणी येत नाहीत. वनस्पतिशास्त्राचा निर्णयही याच्याशी सुसंगत आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी या तिन्ही धान्यांचे मूलस्थान आफ्रिका होय, तर वरी, सावा व कोद्रा ही भारतीय उपखंडातच लागवडीखाली आलेली धान्ये मानली जातात.

‘श्यामाक’ या शब्दापासून ‘सावा’, ‘कोद्रव’पासून ‘कोद्रा’ आणि ‘कंगु’पासून ‘कांग’ ही रूपे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांस धरून सिद्ध होतात. ‘राळा’ हे नाव जैन प्राकृत ग्रंथांतील ‘रालग’ या शब्दाशी जुळते. ‘जोंधळा’ या शब्दाचा संबंध अनेक अभ्यासक ‘यवनाल’शी जोडतात, पण त्याचबरोबर तेलुगूतील ‘जोन्न’ व कन्नडमधील ‘जोळ’ ही रूपेही डोळ्यांआड करता येत नाहीत. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांच्या सीमेवर, एकाच कोरडवाहू पट्ट्यात, या धान्याचे नाव घडले व फिरले, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते. जत तालुक्यात आजही ज्वारी पेरणारा शेतकरी मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणारा असू शकतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘वरी’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. तमिळमध्ये ‘वरगु’ म्हणजे कोद्रा. कन्नडमध्ये ‘बरगु’ म्हणजे मराठीत काही ठिकाणी ज्यास ‘चेना’ म्हणतात ते धान्य. मराठीत ‘वरी’ किंवा ‘वरई’ हे नाव मुख्यतः एका लहान दाण्याच्या डोंगरी धान्यास लागते. पण काही ठिकाणी तेच नाव चेन्यासही लावले जाते. एकाच नामकुलातील शब्द तीन भाषांत तीन धान्यांवर स्थिरावले. यात अज्ञान नाही. ज्या समाजाच्या पेरणीत ही सर्व धान्ये एकमेकांची जागा घेत होती, त्या समाजाने नावही एका धान्यावरून दुसऱ्यावर नेले. अडचण उत्पन्न होते ती दप्तरात. सरकारी आकडेवारीत ही धान्ये बहुधा ‘लघु तृणधान्ये’ किंवा ‘इतर तृणधान्ये’ या एकाच रकान्यात जातात; आणि ज्याचा स्वतंत्र रकाना नाही, त्याची घट झाली तरी ती दिसत नाही.

३. डोंगरी शेतीची रीत

या धान्यांच्या मागे एक सुव्यवस्थित शेतीपद्धती होती. उन्हाळ्याच्या अखेरीस झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून ते जाळावयाचे आणि त्या राखेच्या भूमीत नाचणीचे रोप तयार करावयाचे, या क्रियेस ‘राब’ म्हणतात. जून-जुलैत हे रोप उताराच्या जमिनीत लावले जाते. जेथे झाडी तोडून व जाळून, नांगराविना, केवळ कुदळीच्या साहाय्याने पेरणी होत असे, तेथे त्या शेतीस ‘कुमरी’ हे नाव होते. साधारणपणे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, त्यानंतर कारळ्यासारखे हलके पीक, आणि मग काही वर्षे जमीन मोकळी, असा क्रम असे.

या क्रमामागील तत्त्व अन्नसुरक्षेचेच होते. डोंगरातील उपासमारीचा काळ उन्हाळा नसून पावसाळा होय. आषाढापासून भाद्रपदापर्यंत मागील वर्षीचे धान्य संपत आलेले असते, नवे आलेले नसते आणि पावसामुळे मजुरीही मिळत नाही. या काळात टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या व कंद यांवर गुजराण करावी लागे. सावा व वरी ही धान्ये थोड्या दिवसांत पिकतात. नाचणीच्या उशिराच्या जाती चार महिन्यांपर्यंत घेतात. वेगवेगळ्या मुदतींची धान्ये एकाच वर्षी पेरल्याने भुकेचा काळ पुढच्या बाजूने आखूड होई. नाचणीचा दाणा बारीक व कठीण असल्याने त्यास कीड सहसा लागत नाही आणि तो अनेक वर्षे टिकतो. म्हणून मागच्या बाजूनेही तो काळ आखूड होई. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच तांदळात ते दहा मिलिग्रॅमांच्या आसपास असते. नाचणीची भाकरी व आंबील यांवर वाढलेल्या समाजास हे आकडे ठाऊक नव्हते. परंतु बाळंतिणीस व लहान मुलास नाचणी द्यावी, हे त्यास ठाऊक होते.

या व्यवस्थेची किंमत मात्र मुख्यतः स्त्रियांनी मोजली. नाचणी झोडपून व मळून दळता येते. परंतु वरी, सावा, कोद्रा व राळा यांच्या दाण्यांवर टरफल असते, ते काढण्यासाठी कांडावे, पाखडावे व पुन्हा सडावे लागते. ‘कांडणे’, ‘सडणे’ व ‘पाखडणे’ ही तीन क्रियापदे म्हणजे तीन वेगवेगळे श्रम होत. रास्त भावाच्या दुकानातील तांदळापुढे वरी मागे पडली, ती केवळ चवीमुळे वा प्रतिष्ठेमुळे नव्हे. उखळावरील या श्रमांचे ओझे हेही त्याचे कारण आहे. ही गोष्ट विसरून भरड धान्यांचे केवळ गुणगान करणारे विवेचन अपुरे राहते.

४. ‘पड’, ‘पोटखराब’ आणि ‘वरकस’

येथून विसंगतीस प्रारंभ होतो. डोंगरातील शेतकरी ‘जमीन पड टाकली’ असे म्हणतो. या वाक्यात कर्ता आहे, हेतू आहे आणि पुढील पेरणीचा संकल्पही गृहीत आहे. महसुली भाषेत या क्रियेचे ‘पड’ हे नाम व ‘पडीक’ हे विशेषण होते. कर्ता नाहीसा होतो. उरते ती केवळ जमिनीची एक अवस्था. ज्याने जमीन विश्रांतीस सोडली, तो नोंदीत तिचा धनी म्हणून न दिसता, जमीनच कोणाच्या वहिवाटीत नसलेली दिसू लागते.

‘वरकस’ या शब्दाचे कार्यही असेच आहे. कोकण व मावळ या भागांतील जमाबंदीत भाताची जमीन, बागायत व ‘वरकस’ असे वर्ग करण्यात आले. उताराची, नाचणी-वरी पिकविणारी जमीन ती वरकस. तीवरील आकार कमी होता हे खरे. परंतु कमी आकार याचा अर्थ दप्तराच्या दृष्टीने कमी मोल, असाही झाला. सातबाराच्या उताऱ्यात आढळणारा ‘पोटखराब’ हा शब्दही याच जातीचा. यातील ‘पोट’ म्हणजे उदर नव्हे. ‘पोटहिस्सा’ या शब्दाप्रमाणे ते अंतर्गत भाग दर्शविते. धारणेतील लागवडीस अयोग्य ठरविलेला भाग तो पोटखराब. ज्या खडकाळ तुकड्यावर सावा पिकत असे, तो अशा रीतीने कागदावर नापीक ठरू शकतो.

शब्दांच्या या वर्गीकरणाचे परिणाम प्रत्यक्ष होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुमरीवर निर्बंध आले. कारण विश्रांतीस सोडलेली भूमी आणि जंगल यांत वनखात्याच्या नकाशास भेद करता येत नव्हता. पुढे कोयनेचे धरण झाले. १९६४ मध्ये ते पूर्ण झाले आणि शिवसागर जलाशयाने खोऱ्याच्या तळाची भातशेती व गावठाणे आपल्या पोटात घेतली. कित्येक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा ठिकाणी गेली. काही काठावरच वर सरकली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने या खोऱ्यास पुन्हा हादरविले. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली, २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. यांपैकी प्रत्येक निर्णयामागे वीज, पाणी वा वन्यजीवरक्षण असा सार्वजनिक हेतू होता, हे मान्य करावयास हवे. तथापि प्रत्येक वेळी जी भूमी कमी झाली, तिचा मोठा भाग नाचणी-वरीचा व गुरांच्या चराईचा होता. आणि ती आधीच ‘वरकस’, ‘पड’ व ‘जंगल’ या शब्दांखाली नोंदलेली असल्याने तिच्याबरोबर अन्नाचा किती साठा गेला, याचा हिशेब नीट मांडला गेला नाही.

५. पूर्वेकडील माळ : पेव आणि सरवा

सांगलीच्या पूर्व भागात प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. येथे ज्वारी मुबलक पिके तेव्हा ती जमिनीत खोदलेल्या ‘पेवां’त साठविली जाई. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. धान्यासाठीही हीच पद्धत होती. मराठीत ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार एखादी गोष्ट अकस्मात विपुल होणे या अर्थी रूढ आहे. पेव फुटले की धान्य बाहेर लोटते, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या बोलण्यातून तो आला. आज वाक्प्रचार उरला, पेव गेले.

येथील पारधी व इतर भटक्या समाजांपैकी बहुतेकांजवळ जमीन नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ झाल्या. परंतु विमुक्ततेबरोबर शेत मिळाले नाही. अशा माणसांच्या घरी धान्य येण्याच्या वाटा दोन होत्या. एक म्हणजे सुगीतील धान्यरूप मजुरी. दुसरी म्हणजे ‘सरवा’. पीक काढून नेल्यावर शेतात राहिलेली कणसे व दाणे वेचून नेणे म्हणजे सरवा वेचणे. तो कायद्याने दिलेला हक्क नव्हता. पण वेचणाऱ्यास हुसकावून लावणे हे गावाच्या दृष्टीने अनुचित मानले जाई. तीच वेळ उलटल्यावर धान्य उसने घ्यावे लागले, तर ते ‘सवाई’ने किंवा ‘दिढी’ने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, फेडावे लागे. या दोन शब्दांत गरिबीचे सर्व अंकगणित आले.

ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे नेले. ज्या माळावर कुसळे उगवत, तेथे ऊस, द्राक्षे व डाळिंबे आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बी ज्वारीची जात पिढ्यान्‌पिढ्या या भागाचे अन्न व वैरण पुरवीत आली. परंतु पाणी आल्यावर तिच्या क्षेत्रावर नगदी पिकांचा दावा पडणे अपरिहार्य होते. यात भूमिहीनाचे काय झाले हे भाषेवरून समजते. उसाच्या फडात सरवा नसतो. द्राक्षबागेची मजुरी पैशांत मिळते आणि पैशाने धान्य विकत घ्यावे लागते. पैसा वाढला, परंतु धान्याच्या भावाचा धोका आता सर्वस्वी मजुराच्या माथी आला.

१९७२ च्या दुष्काळात हा धोका सर्वांच्या अनुभवास आला. ‘मिलो’ ही परदेशी लाल ज्वारी आणि ‘सुकडी’ हे शब्द त्या काळच्या माणसांच्या स्मरणात पक्के बसले आहेत. त्याच काळात राज्यभर लागू झालेल्या रोजगार हमी योजनेचे प्रवर्तक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील. तासगाव तालुक्यातील प्रयोगातून त्यांनी ती कल्पना पुढे आणली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अन्न हे दान म्हणून न देता कामाच्या हक्कातून मिळावे, हा विचार या दुष्काळी भूमीतून निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६. ‘आदिवासी’ कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास व सांगलीत त्याहून कमी आहे. यावरून आदिवासींच्या अन्नाचा प्रश्न येथे नगण्य आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संख्या अल्प असल्यामुळेच आदिवासीबहुल जिल्ह्यांसाठी आखलेल्या योजना येथे विरळ पोहोचतात. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक जमात. उरलेल्या दोन कोलाम व माडिया गोंड. कात काढण्याच्या व्यवसायावरून तिचे नाव पडले. तो व्यवसाय वनकायद्यांच्या काळात खुंटला आणि कोळसा पाडणे, वीटभट्टी व स्थलांतर हे त्याच्या जागी आले. स्वतःची जमीन नसल्याने नाचणी हे या जमातीचे पीक कमी व मजुरीतून मिळणारे अन्न अधिक, अशी स्थिती आहे.

याच डोंगरात, याच नाचणीवर जगणारा गवळी धनगर समाज मात्र अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. धनगरांचा समावेश भटक्या जमातींच्या ‘क’ गटात आहे. यादीत ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. ‘धांगड’ व ‘धनगर’ हे एकच, लिप्यंतरात ‘र’चा ‘ड’ झाला, असे धनगर समाजाचे प्रतिपादन आहे; मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मान्य केले नाही. त्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु एका अक्षराच्या वाचनावर खावटी, वसतिगृह व वनहक्क अवलंबून राहावेत, हे भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. ‘खावटी’ म्हणजे खाण्यापुरते धान्य. २०२० मध्ये जाहीर झालेल्या खावटी अनुदानात अनुसूचित जमातींच्या पात्र कुटुंबास चार हजार रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, मिळावयाचे होते. भूक मात्र आषाढात यादी पाहून येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा वर्ग मान्य केला. पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. जी जमीन दप्तरात ‘पड’ होती, तिच्यावरील वहिवाटीचा पुरावा कोठून आणावयाचा, हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

७. नवी नावे

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. मूळ कायद्यातील दर तांदळास तीन, गव्हास दोन व भरड धान्यास एक रुपया असे होते. भाषेत ‘भरड’ हे विशेषण ज्या पायरीवर होते, त्याच पायरीवर ते दरपत्रकातही बसले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने या धान्यांस ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले, २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांस ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले नाचणी’ व वरीची ‘फुले एकादशी’ यांसारख्या सुधारित जाती दिल्या. ‘एकादशी’ हे नाव अर्थपूर्ण आहे : डोंगरातील माणसाचे रोजचे अन्न ते शहरातील माणसाचे उपवासाचे अन्न झाले.

नावातील हा सन्मान स्वागतार्ह आहे. परंतु केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी व नाचणी आहेत. वरी, सावा, कोद्रा व राळा नाहीत. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. पण ज्याच्या घरी विकण्याइतके धान्य निघत नाही, त्यास भावापेक्षा जमिनीच्या हक्काची, टरफल काढणाऱ्या लहान यंत्राची आणि पावसाळ्यापूर्वी गावातच साठविलेल्या धान्याची गरज अधिक आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, भरड धान्यांची अन्नव्यवस्था ही दारिद्र्याची निशाणी नसून अतिवृष्टी व अवर्षण या दोन्ही टोकांना दिलेले विचारपूर्वक उत्तर होती. दोन, ती खिळखिळी झाली ती केवळ आवडीनिवडी बदलल्याने नव्हे. जमीन, मजुरी व हक्क यांचे वर्गीकरण करणाऱ्या शब्दांनी तिला कागदावर अदृश्य केले. तीन, म्हणून तिच्या पुनरुज्जीवनाचा विचार धान्याच्या नामकरणाशी न थांबता जमिनीच्या नोंदीपर्यंत गेला पाहिजे. या दोन जिल्ह्यांत राब, पड, सरवा व पेव हे शब्द वापरणारी पिढी अद्याप हयात आहे. त्यांच्या शब्दांचे संकलन तालुकावार व्हावयास हवे आणि ते सातबाराच्या नोंदींशेजारी ठेवून तपासले जावयास हवे. ‘पड’ म्हणून नोंदलेल्या तुकड्यावर कोण, कोणत्या वर्षी, काय पेरीत होते, हे सांगू शकणारा साक्षीदार काही ठिकाणी आता केवळ एखादी वृद्ध स्त्री असेल. आणि वनहक्काच्या दाव्यात वडीलधाऱ्यांचे निवेदन हा पुरावा म्हणून ग्राह्य आहे.